झिदानच्या डोक्याचा मार खाणारा मॅटेराझी बालेवाडीमार्गे भारतात चॅम्पियन कसा झाला?

कासारवाडी स्टेशनवरून बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल तसं फार लांब नाही. नाशिक फाटा, पिंपळे सौदागर, वाकड आणि मग हायवेला लागून संकुल. ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासात पोचता येतं, असेल तर बोलायलाच नको. १२ डिसेंबर २०१५ च्या शनिवारी याच संकुलातल्या मैदानावर इंडियन सुपर लीगची सेमीफायनल झाली. गंमत अशी की त्यात पुण्याचा संघ नव्हताच. यजमान होता चेन्नईयिन एफसी आणि समोर होता गतविजेता अ‍ॅटलेटिको दी कोलकाता.

चेन्नईचा संघ आपली 'घरची' मॅच पुण्यात का खेळत होता, याचं उत्तर त्या वर्षीच्या बातम्यांमध्ये आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला चेन्नई पाण्याखाली गेली होती. विमानतळ बरेच दिवस बंद होता, वस्त्यांमध्ये पाणी घुसलं होतं, लष्कराच्या बोटी रस्त्यांवरून फिरत होत्या. अशा शहरात फुटबॉल खेळणं शक्यच नव्हतं, म्हणून मॅच बालेवाडीला हलवली गेली.

त्या दिवशी साइडलाइनवर उभा होता सहा फूट चार इंच उंचीचा, अंगभर टॅटू असलेला एक इटालियन माणूस. त्याचं नाव बऱ्याच जणांना चटकन आठवत नाही. पण '२००६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये झिदानने ज्याच्या छातीवर डोकं आपटलं तो' असं म्हटलं की लगेच ओळख पटते.

तोच हा मार्को मॅटेराझी. जगाच्या लेखी त्याची कारकीर्द त्या काही सेकंदांत संपते. प्रत्यक्षात त्याआधी तेरा वर्षांची धडपड आहे आणि त्यानंतर युरोपातली सगळ्यात मोठी ट्रॉफी आहे. शिवाय प्रशिक्षक म्हणून त्याचं एकुलतं एक यश आहे, तेही भारतातलं.

वडील लॅझिओचे प्रशिक्षक, मुलगा हौशी लीगमध्ये

मॅटेराझीचा जन्म १९ ऑगस्ट १९७३ चा, दक्षिण इटलीतल्या लेच्चे शहरातला. वडील ज्युसेप्पे मॅटेराझी आधी खेळाडू होते, मग प्रशिक्षक झाले. १९८८ ते १९९० या काळात ते रोमच्या लॅझिओ क्लबचे प्रशिक्षक होते. म्हणजे घरात फुटबॉल भरपूर, पण स्थिरता कमी. प्रशिक्षकाची नोकरी म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी नवं शहर. त्यातच मार्को शाळकरी वयात असताना आई गेली. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे बर्लिनच्या प्रकरणात ती पुन्हा येते.

वडिलांच्या नावावर मुलाला मोठ्या क्लबमध्ये जागा मिळाली असेल असं वाटेल, पण तसं झालं नाही. विशीत असताना तो तोर दी क्विंतो या रोममधल्या छोट्या क्लबकडून खेळत होता. मग सिसिलीत मार्साला, त्रापानी. मग पेरुजियाने घेतलं आणि मधेच लोनवर कार्पीला पाठवलं. त्याच्याच पिढीचा अलेस्सांद्रो नेस्टा त्या वयात लॅझिओकडून देशातले सगळ्यात मोठे स्ट्रायकर रोखत होता. हे नेस्टाचं नाव या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

१९९८ मध्ये मॅटेराझी इंग्लंडला गेला, लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टनकडे. एकच सीझन टिकला. टॅकल जोरदार होत्या, पण वेळ चुकायची आणि रेफरीचा हात खिशाकडे जायचा. एका सीझनमध्ये त्याला इतकी रेड कार्डं मिळाली की तिथल्या प्रेक्षकांना आजही तो त्यासाठीच आठवतो. वर्षभरात तो परत पेरुजियात आला.

आणि इथे त्याची गाडी रुळावर आली. २०००-०१ च्या सीझनमध्ये त्याने इटलीच्या सेरी आ लीगमध्ये १२ गोल केले. सेंटर बॅकने, म्हणजे ज्याचं काम गोल अडवण्याचं आहे त्याने! बचावपटूने एका सीझनमध्ये केलेल्या गोलचा आधीचा विक्रम ११ चा होता. तो अर्जेंटिनाचा वर्ल्ड कप विजेता कर्णधार डॅनियल पासारेलाने फिओरेंटिनाकडून खेळताना केला होता. मॅटेराझीकडे उंची होती, हेडर होता आणि डावा पाय जबरदस्त होता. पेनल्टी आणि फ्री किकही तो मारायचा. त्या उन्हाळ्यात मिलानच्या इंटरने त्याला विकत घेतलं. तेव्हा तो जवळपास २८ वर्षांचा होता. या वयात बहुतेक खेळाडू मोठ्या क्लबमधून बाहेर पडायच्या बेताला येतात, हा आत शिरत होता.

रडणं, मारामारी आणि एक फोटो

इंटरमधलं पहिलंच वर्ष त्याला रडवून गेलं. ५ मे २००२, लीगचा शेवटचा दिवस. इंटर टेबलमध्ये अव्वल होती आणि लॅझिओला हरवलं की विजेतेपद नक्की होतं. इंटर ४-२ ने हरली आणि ट्रॉफी युव्हेंटसकडे गेली. मैदानावर मॅटेराझी लॅझिओच्या खेळाडूंना रडत रडत एका जुन्या उपकाराची आठवण करून देत होता.

काय होता तो उपकार? दोन वर्षांपूर्वी, १४ मे २००० ला, लीगच्या शेवटच्या दिवशी पेरुजियात एवढा पाऊस झाला की युव्हेंटसविरुद्धची मॅच तासाभरापेक्षा जास्त थांबवावी लागली होती. ती सुरू झाल्यावर पेरुजियाने १-० ने जिंकली, युव्हेंटसचं विजेतेपद हुकलं आणि ते लॅझिओला मिळालं. त्या पेरुजिया संघात मॅटेराझी होता. ज्यांना आपण ट्रॉफी मिळवून दिली त्यांनीच आपल्या तोंडचा घास काढला, असं त्याला वाटत होतं. त्या लॅझिओ संघाचा कर्णधार होता नेस्टा.

मॅटेराझी रडायचा तसा मारायचाही. फेब्रुवारी २००४ मध्ये सिएनाविरुद्धच्या मॅचनंतर त्याने स्टेडियमच्या आतल्या भागात सिएनाचा बचावपटू ब्रुनो सिरिलो याला ठोसा लगावला. त्या मॅचमध्ये तो स्वतः खेळलाही नव्हता. सिरिलो रक्ताळलेल्या ओठांनी टीव्हीसमोर गेला आणि मॅटेराझीवर दोन महिन्यांची बंदी आली. या सिरिलोचं नाव पुणेकरांना ओळखीचं वाटू शकतं. तो कसा, ते पुढे येईलच.

एप्रिल २००५ मधला एक फोटो मात्र वेगळाच मॅटेराझी दाखवतो. चॅम्पियन्स लीगमध्ये इंटर आणि एसी मिलान या एकाच शहरातल्या कट्टर वैऱ्यांची मॅच होती. प्रेक्षकांनी मैदानात जळत्या फ्लेअर फेकल्या, सगळीकडे लाल धूर झाला आणि मॅच थांबली. त्या धुराकडे बघत मॅटेराझी उभा आहे आणि शेजारी उभ्या मिलानच्या रुई कोस्टाच्या खांद्यावर त्याने मित्रासारखं कोपर टेकवलंय. फुटबॉलमधल्या सगळ्यात जास्त शेअर झालेल्या फोटोंपैकी हा एक. स्क्रोल करताना बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो, पण त्यातला उंच माणूस तोच 'झिदानवाला' आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

बर्लिनची रात्र

२००६ च्या वर्ल्ड कपला मॅटेराझी गेला तो राखीव खेळाडू म्हणून. इटलीचे पहिल्या पसंतीचे दोन सेंटर बॅक होते फाबिओ कानावारो आणि नेस्टा. २२ जूनला चेक प्रजासत्ताकाविरुद्ध नेस्टाला दुखापत झाली, १७ व्या मिनिटाला मॅटेराझी आत आला आणि २६ व्या मिनिटाला त्याने हेडरने गोल केला. पुढच्याच मॅचमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला रेड कार्ड मिळालं. एका आठवड्यात हिरो आणि व्हिलन, दोन्ही.

९ जुलैची फायनल भारतात रात्री साडेअकराला सुरू झाली. पिंपरी-चिंचवडसारख्या पट्ट्यात त्या वेळी कित्येक जण रात्रपाळीवर असतात. ज्यांनी ती पाहिली त्यांनी एका माणसाभोवती फिरणारी मॅच पाहिली. ७ व्या मिनिटाला मॅटेराझीने फ्रान्सच्या फ्लोरेंट मालुदाला पाडल्याचा निर्णय झाला आणि पेनल्टीवर झिनेदिन झिदानने गोल केला. १९ व्या मिनिटाला पिर्लोच्या कॉर्नरवर मॅटेराझीने हेडर मारून बरोबरी साधली. त्या फायनलमध्ये १२० मिनिटांत एवढे दोनच गोल झाले. दोन्हीत तो होता.

मग एक्स्ट्रा टाइममधलं ११० वं मिनिट. मॅटेराझीने झिदानचा शर्ट धरला, दोघांत काही बोलणं झालं, झिदान पुढे चालत गेला, वळला आणि त्याने मॅटेराझीच्या छातीवर डोकं आपटलं. रेड कार्ड. जगातला सर्वोत्तम खेळाडू कारकिर्दीच्या शेवटच्या मॅचमध्ये ट्रॉफीच्या बाजूने खाली मान घालून निघून गेला.

तो नक्की काय बोलला, यावर पुढे महिनोन् महिने चर्चा झाली. ब्रिटनमधल्या काही वृत्तपत्रांनी त्याने वंशद्वेषी शब्द वापरल्याचं छापलं. मॅटेराझीने दावे लावले आणि त्या वृत्तपत्रांना माफी मागून भरपाई द्यावी लागली. झिदानच्या आईवरून बोलल्याचा आरोप त्याने कायम नाकारला. स्वतःची आई लहानपणी गेलेला माणूस असं बोलणार नाही, हे त्याचं म्हणणं. शेरा झिदानच्या बहिणीवरून होता, हे मात्र त्याने मान्य केलं. फिफाने झिदानला तीन मॅचची आणि मॅटेराझीला दोन मॅचची बंदी घातली, दोघांना दंडही केला. मार खाल्लेल्या माणसालाही शिक्षा झाली, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि पठ्ठ्याने त्याच वर्षी 'मी झिदानला खरंच काय बोललो' अशा अर्थाच्या नावाचं विनोदी पुस्तकही काढलं.

या सगळ्यात पेनल्टी शूटआउट विसरला जातो. मॅटेराझीने आपली पेनल्टी मारली, डेल पिएरोनेही मारली. फ्रान्सच्या डेव्हिड ट्रेझेगेचा फटका आडव्या बारला लागला आणि इटली ५-३ ने जिंकली.

त्याचं क्लबमधलं शिखर यानंतर आलं. २००७ मध्ये इंटरचं लीग विजेतेपद ज्या मॅचमध्ये नक्की झालं ती सिएनाविरुद्ध होती, इंटर २-१ ने जिंकली आणि दोन्ही गोल मॅटेराझीचे होते. २०१० मध्ये जोसे मोरिन्योच्या इंटरने लीग, इटालियन कप आणि चॅम्पियन्स लीग असं तिन्ही जिंकलं. तोवर मॅटेराझी ३६ वर्षांचा आणि बहुतेक वेळ बेंचवर होता. माद्रिदच्या फायनलमध्ये तो मैदानावर उतरला तो इंज्युरी टाइममध्ये, काही क्षणांसाठी. पण मॅचनंतर स्टेडियमबाहेरचा एक व्हिडिओ बघण्यासारखा आहे. मोरिन्यो रेआल माद्रिदला निघालाय, गाडी सुरू झालीय, भिंतीला टेकून मॅटेराझी उभा आहे. मोरिन्यो गाडी थांबवतो, उतरतो आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडतात.

ज्याला खेळायलाच मिळत नाही तो खेळाडू प्रशिक्षकाच्या गळ्यात पडून रडतो, हे सहसा होत नाही. खेळवत नसतानाही खेळाडूला आपलंसं कसं ठेवायचं, हे मॅटेराझीने मोरिन्योकडून बेंचवर बसून पाहिलं होतं. २०११ मध्ये त्याने इंटर सोडली.

बर्लिनची फायनल भारतात

तीन वर्षं तो मैदानापासून दूर होता. मग २०१४ मध्ये भारतात इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि अभिषेक बच्चन, महेंद्रसिंग धोनी आणि विता दाणी यांच्या मालकीच्या चेन्नईयिन एफसीने त्याला खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आणलं. म्हणजे संघही तोच निवडणार आणि वाटलं तर स्वतः बूट घालून उतरणार. वय ४१, प्रशिक्षणाचा अनुभव शून्य.

त्या पहिल्या सीझनची यादी आज वाचली तर हसू येतं, कारण बर्लिनची अर्धी फायनल भारतात उतरली होती. मॅटेराझी चेन्नईत, डेल पिएरो दिल्लीत, आणि ज्याची पेनल्टी बारला लागली तो ट्रेझेगे एफसी पुणे सिटीत, म्हणजे बालेवाडीत. पुढच्या वर्षी मालुदाही दिल्लीला आला. २००६ च्या इटली संघातला आणखी एक बचावपटू जियानलुका झांब्रोटा २०१६ मध्ये दिल्लीचा प्रशिक्षक झाला आणि त्याने संघ सेमीफायनलपर्यंत नेला.

आणि सिरिलो? २००४ मध्ये मॅटेराझीचा ठोसा खाल्लेला तोच ब्रुनो सिरिलो २०१४ मध्ये पुणे सिटीकडून खेळत होता. पुण्याच्या संघात फिओरेंटिनाची भागीदारी होती आणि प्रशिक्षकही फ्रँको कोलोम्बा हा इटालियन होता, त्यामुळे त्या वर्षी बालेवाडीत इटालियन भाषा बरीच ऐकू येत असणार.

नेस्टाही आला. सीझनच्या शेवटी मॅटेराझीने आपल्या जुन्या सहकाऱ्याला चेन्नईत बोलावून घेतलं. ज्याच्या दुखापतीमुळे मॅटेराझीला वर्ल्ड कप खेळायला मिळाला, तो आता त्याच्या हाताखाली खेळत होता.

चेन्नईयिन त्या वर्षी लीग टेबलमध्ये पहिली आली. पण सेमीफायनलमध्ये केरळा ब्लास्टर्सने कोचीत ३-० ने धुतलं. परतीच्या मॅचमध्ये मॅटेराझी स्वतः उतरला आणि पहिल्याच हाफमध्ये दुसरं यलो कार्ड घेऊन बाहेर गेला. प्रशिक्षकच रेड कार्ड घेऊन मैदानाबाहेर! तरीही संघाने तीन गोल करून एकूण हिशेब बरोबरीत आणला. एक्स्ट्रा टाइमच्या अखेरीस केरळच्या स्टीफन पिअर्सनने गोल केला आणि खेळ संपला. जो राग एव्हर्टनमध्ये नडला, सिएनाविरुद्ध नडला, तोच ४१ व्या वर्षी स्वतःच्या संघाला नडला.

पुराचं वर्ष

२०१५ मध्ये त्याने बूट काढून ठेवले. आता फक्त साइडलाइन. हा निर्णय त्या सीझनइतकाच महत्त्वाचा मानायला हवा.

तेव्हाची आयएसएल आजच्यासारखी नव्हती. आठ संघ, ऑक्टोबर ते डिसेंबर असा अडीच महिन्यांचा सीझन, प्रत्येकी १४ लीग मॅच. मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालायचे, किमान पाच भारतीय लागायचे. दर तीन-चार दिवसांनी मॅच आणि मधे विमानप्रवास, त्यामुळे नवीन डावपेच शिकवायला वेळच नसायचा. अशा लीगमध्ये प्रशिक्षकाचं मुख्य काम एकच उरतं: कोलंबिया, ब्राझील, मिझोराम, पंजाब अशा ठिकाणांहून आलेल्या माणसांना दहा आठवडे एकत्र बांधून ठेवणं. मॅटेराझीने त्यासाठी सोपी गोष्ट केली. पहिल्या वर्षीची मुख्य माणसं त्याने सोडली नाहीत. कोलंबियाचा स्टिव्हन मेंडोझा, ब्राझीलचे एलानो आणि ब्रुनो पेलिसारी, मिझोरामचा जेजे लालपेखलुआ, सगळे परत आले.

तरीही सीझन घसरत गेला. दहा मॅचनंतर सहा पराभव झाले होते आणि संघ टेबलच्या तळाशी होता. प्रशिक्षकाची उचलबांगडी व्हावी अशी ही परिस्थिती. पण इथून चेन्नईयिनने उरलेल्या चारही मॅच जिंकल्या आणि २२ गुणांसह तिसरा क्रमांक मिळवून सेमीफायनल गाठली. मेंडोझाने सीझनमध्ये १३ गोल करून गोल्डन बूट पटकावला. जेजे सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला.

हे सगळं घडत असताना चेन्नईत पाणी वाढत होतं. म्हणून सेमीफायनलची पहिली मॅच बालेवाडीत.

बालेवाडीचं मैदान मोठं नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी हे संकुल बांधलं गेलं, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही इथेच झाल्या. दहा-बारा हजारांची क्षमता. कोलकात्याच्या सॉल्ट लेकसमोर ते अगदीच छोटं. शिवाय चेन्नईच्या संघामागे इथे आपलं असं पब्लिक नव्हतं. घरची मॅच, पण घर पाण्यात.

त्या संध्याकाळी चेन्नईयिनने गतविजेत्यांना ३-० ने हरवलं. पेलिसारी, जेजे, मेंडोझा, तिघांचा एकेक गोल. त्यातल्या जेजेला हे मैदान नवीन नव्हतं. तो याआधी पुणे एफसी या पुण्याच्या जुन्या क्लबकडून आय-लीग खेळला होता आणि बालेवाडी हेच त्या क्लबचं घर होतं. परतीच्या मॅचमध्ये कोलकात्याने २-१ असा विजय मिळवला, पण एकूण ४-२ ने चेन्नई फायनलमध्ये. बालेवाडीतले तीन गोल कामाला आले. कोलकात्याचे प्रशिक्षक अँटोनियो हबास पुढच्याच वर्षी पुणे सिटीचे प्रशिक्षक म्हणून याच मैदानावर परत आले, हा आणखी एक योगायोग.

फातोर्डा, शेवटची तीन मिनिटं

फायनल २० डिसेंबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर होती, समोर होती एफसी गोवा. म्हणजे घरच्या पब्लिकसमोर खेळणारा संघ, आणि त्यांच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून ब्राझीलचा झिको. खेळाडू म्हणून झिको आणि मॅटेराझीची तुलनाच नको. एक कलाकार, दुसरा टॅकल मारणारा.

पहिला हाफ कोरा गेला. ५४ व्या मिनिटाला चेन्नईयिनला पेनल्टी मिळाली. पेलिसारीचा फटका गोव्याचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणीने अडवला, पण परत आलेला चेंडू पेलिसारीनेच आत ढकलला. चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. मग चेन्नईयिनला आणखी एक पेनल्टी मिळाली. या वेळी मेंडोझाने मारली आणि कट्टीमणीने तीही अडवली. एका फायनलमध्ये दोन पेनल्टी अडवणारा कीपर सहसा रात्रीचा हिरो ठरतो. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकने गोव्याला २-१ अशी आघाडी दिली. फातोर्डा नाचायला लागलं.

९० व्या मिनिटाला गोलसमोरच्या गर्दीत चेंडू कट्टीमणीच्या हाताला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल, २-२. दोन मिनिटांनी मेंडोझाने तिसरा मारला. ३-२. दहा मॅचनंतर तळाशी असलेला, शहर पाण्यात गेलेला संघ चॅम्पियन.

प्रशिक्षक म्हणून दुसऱ्याच सीझनमध्ये मॅटेराझीकडे ट्रॉफी होती. दोनच आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१६ ला, झिदान रेआल माद्रिदचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याने लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. बर्लिनमधल्या दोघांपैकी प्रशिक्षक म्हणून पहिली ट्रॉफी मॅटेराझीने उचलली, ही माहिती क्विझमध्ये विचारायला चांगली आहे. त्यापुढची तुलना त्याला परवडणारी नाही.

कारण पुढे फार काही घडलं नाही. मेंडोझा गेला, २०१६ च्या सीझनमध्ये चेन्नईयिन आठ संघांत सातवी आली आणि मार्च २०१७ मध्ये मॅटेराझी आणि क्लब वेगळे झाले. त्याच्या जागी आलेल्या इंग्लंडच्या जॉन ग्रेगरीने पहिल्याच सीझनमध्ये चेन्नईला दुसरं विजेतेपद मिळवून दिलं. नेस्टा पुढे मायामी, पेरुजिया, फ्रोसिनोने अशा क्लबचा प्रशिक्षक झाला. मॅटेराझी मात्र पुन्हा कुठल्या मोठ्या संघाच्या बेंचवर मुख्य प्रशिक्षक म्हणून दिसला नाही.

तो चांगला प्रशिक्षक होता की नशीबवान? तीन सीझनमध्ये एकदा टेबलमध्ये पहिला, एकदा चॅम्पियन, एकदा सातवा. टीकाकार म्हणतात की मेंडोझा होता तोवर सगळं चाललं आणि त्यात तथ्य आहे. पण तळाच्या संघाकडून सलग चार मॅच जिंकून घेणं आणि घर नसताना ३-० ने जिंकणं एकट्या स्ट्रायकरच्या जोरावर होत नाही. त्याच्या डावपेचांबद्दल कोणी फारसं लिहिलेलं नाही. त्याच्या खेळाडूंनी मात्र त्याची साथ सोडली नाही, आणि ज्याला स्वतःचा राग कधी सांभाळता आला नाही त्याच्यासाठी ही कमाई मोठी होती.

बालेवाडीचं काय झालं?

एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये एकदाच सेमीफायनलपर्यंत पोचली आणि २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद पडली. लीगमधली तिची जागा हैदराबाद एफसीने घेतली, अनेक खेळाडूही तिकडेच गेले. त्यानंतर आयएसएलमध्ये पुण्याचा संघ नाही. कासारवाडीहून लोकलने किंवा मेट्रोने जाऊन मोठ्या लीगची फुटबॉल मॅच बघायची सोय पुण्यात आज तरी नाही.

त्या हैदराबादने २०२१-२२ चं विजेतेपद पटकावलं. फायनल होती २० मार्च २०२२ ला, पुन्हा फातोर्डावर, केरळा ब्लास्टर्सविरुद्ध. १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउट झाला आणि हैदराबादच्या कीपरने त्यात तीन पेनल्टी अडवल्या. तो कीपर होता लक्ष्मीकांत कट्टीमणी.